आकाराने वेगळ्या, शुल्काने सारख्या : जुनी मर्सिडीज आणि जुनी बीटल

वीस वर्षांहून जुनी आयात चारचाकी रस्त्यावर चालवत ठेवायची असेल, तर तिच्या नोंदणीच्या नूतनीकरणासाठी आता 80 हजार रुपये मोजावे लागतात. केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाने ऑगस्ट 2025 मध्ये काढलेल्या अधिसूचनेने हा आकडा ठरवला. त्याआधी, 1 एप्रिल 2022 पासून, पंधरा वर्षांवरील आयात मोटारीसाठी तो 40 हजार होता. भारतात तयार झालेल्या मोटारीला मात्र वीस वर्षांनंतरही 10 हजार रुपयेच पडतात. एकदा शुल्क भरले की पुढील पाच वर्षे नोंदणी वैध राहते.

या तक्त्यात गाडीची लांबी, वजन किंवा इंजिनाचा आकार कुठेही विचारलेला नाही. त्यामुळे साडेचार मीटर लांबीची, सहा माणसांना सामावून घेणारी मर्सिडीज आणि तिच्या शेजारी खेळण्यासारखी दिसणारी फोक्सवॅगन बीटल या दोघी एकाच ओळीत येऊन उभ्या राहिल्या आहेत. शेजारच्या घरातील कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली फियाट आकाराने जवळपास बीटलएवढीच. पण तिचे शुल्क आठपटींनी कमी. ‘मोठी गाडी म्हणजे खर्च, छोटी गाडी म्हणजे काटकसर’ हा आपल्याकडचा जुना हिशेब कायद्याने अशा प्रकारे मोडीत काढला आहे. तो यंत्राच्या बाजूनेही पूर्णपणे खरा नव्हता, हे पुढे दिसेलच.

हा प्रश्न गोव्यात केवळ श्रीमंत संग्राहकांचा नाही. पेडणे बाजारामागच्या एखाद्या जुन्या घराच्या अंगणात, साखळी-डिचोलीकडच्या एखाद्या मांगरात ताडपत्रीखाली झाकलेली गाडी ही बहुधा हौसेने लिलावात घेतलेली नसते. ती आजोबांनी नवी घेतलेली असते आणि दोन पिढ्यांनी ती विकलेली नसते, इतकेच.

या गाड्या इथे आल्या कशा?

पन्नासच्या दशकात डिचोली, सत्तरी, सांगे या तालुक्यांतील लोहखनिजाला जपानसारखे मोठे गिऱ्हाईक मिळाले. खाणीवरून ट्रकने नदीकाठ, तिथून बार्जने मांडवीमार्गे मुरगाव बंदर आणि पुढे समुद्र, असा खनिजाचा प्रवास सुरू झाला. त्याच्या मोबदल्यात परकीय चलन आले. त्याच काळात स्वतंत्र भारताने परदेशी मोटारींच्या आयातीवर कडक निर्बंध घातले होते. गोव्याला ते लागू नव्हते. 1955 च्या सुमारास भारताने आर्थिक नाकेबंदी आवळली, तेव्हा गोव्याचा बराचसा व्यापार समुद्रमार्गावरच विसंबला आणि युरोपीय माल येतच राहिला. पत्रादेवी किंवा दोडामार्गच्या पलीकडचा मध्यमवर्गीय अँबॅसिडर किंवा फियाटसाठी नाव नोंदवून वाट पाहत असताना अलीकडे मर्सिडीज, ओपेल आणि फोक्सवॅगन रस्त्यावर दिसत होत्या. मुक्तिपूर्व गोव्यात टॅक्सी म्हणून मर्सिडीज धावत असे, हे आजच्या तरुणांना अतिशयोक्ती वाटते. जुन्या पिढीला त्यात आश्चर्य वाटण्याजोगे काही दिसत नाही.

जाता जाता एक गोष्ट. पोर्तुगालने 1928 मध्ये रस्त्याच्या उजव्या बाजूने वाहन चालवण्याचा नियम स्वीकारला. पण सभोवती ब्रिटिश हिंदुस्थान असल्यामुळे गोव्यात वाहतूक डावीकडूनच सुरू राहिली. लिस्बनचा कायदा सर्वत्र लागू होता, असे समजणाऱ्यांनी हा अपवाद लक्षात ठेवावा.

18 डिसेंबर 1961 रोजी भारतीय सैन्य पुढे सरकू लागले, तेव्हा पोर्तुगीजांनी डिचोली आणि अस्नोडा येथील पूल उडवले. दुसऱ्या दिवशी राजवट संपली. पूल पुन्हा बांधले गेले, परंतु नव्या परदेशी गाड्यांचा ओघ थांबला. जी गाडी दारात होती, तिची जागा घेईल अशी दुसरी मिळणे कठीण झाले. म्हणून ती सांभाळली गेली. तिच्यावर आधी ‘जीडी’ मालिकेचा क्रमांक आला, घटक राज्य झाल्यानंतर नव्या गाड्या ‘जीए’ झाल्या.

‘आयात’ या शब्दाचा गोव्यापुरता विरोधाभास इथेच आहे. 1958 मध्ये मुरगाव बंदरात उतरलेली बीटल भारतात आयात झालीच नव्हती. तीन वर्षांनी भारताचा कायदाच तिच्या दारी आला. नोंदणीच्या अर्जात वाहन नवे, माजी लष्करी की आयात, असे विचारलेले असते. जुन्या गाडीच्या नोंदणी पुस्तिकेत यापैकी काय लिहिले गेले आहे, यावर 10 हजार आणि 80 हजार यांतील अंतर अवलंबून असल्याने मालकाने ती पिवळी पडलेली पाने सर्वांत आधी उघडून पाहावीत. सरकारनेही कधी तरी हा प्रश्न विचारात घ्यायला हरकत नाही.

दोन यंत्रे, दोन स्वभाव

तुलनेसाठी मर्सिडीज-बेंझची 180 डी आणि त्याच दशकातील बीटल घेणे योग्य ठरेल. 180 मालिका 1953 मध्ये आली, डिझेलवरील 180 डी 1954 मध्ये. गोलाकार, एकसंध बाजूंमुळे या गाड्यांना ‘पोंटोन’ हे टोपणनाव मिळाले. जर्मनीत ही डिझेल गाडी मुख्यतः टॅक्सीवाल्यांची आणि दूर अंतरे कापणाऱ्या व्यावसायिकांची होती. आपल्याकडे ती प्रतिष्ठेची खूण ठरली. खरी चैन हवी असणाऱ्यांसाठी मर्सिडीजची सहा सिलिंडरची, 100 अश्वशक्तीची 220 एस होती.

180 डीचे इंजिन 1,767 सीसीचे आणि सुरुवातीला अवघ्या 40 अश्वशक्तीचे. गाडीचे वजन सुमारे 1,200 किलो. बीटलचे इंजिन 1,192 सीसीचे, 30 अश्वशक्तीचे. वजन साधारण 730 किलो. म्हणजे प्रत्येक अश्वशक्तीला मर्सिडीजमध्ये 30 किलो ओढावे लागतात, बीटलमध्ये 24 किलो. दोन्ही गाड्यांचा कमाल वेग ताशी 110 किलोमीटरच्या आसपास. चढावर छोटी गाडी मोठीला मागे टाकते, हे मालकांच्या बढाईतून आलेले नाही. ते साधे गणित आहे. मर्सिडीजचे मोठेपण वेगात नव्हे, तर मागच्या आसनावर पाय पसरून बसण्यात, दार बंद होतानाच्या जड आवाजात आणि लाखो किलोमीटर न कुरकुरता चालणाऱ्या इंजिनात आहे. मात्र सकाळी किल्ली फिरवताच ते सुरू होत नाही. ग्लो प्लग तापेपर्यंत मिनिटभर थांबावे लागते.

बीटलचे इंजिन मागे, हवेने थंड होणारे. रेडिएटर नाही, पाणी नाही, त्यामुळे पाणी उकळून गाडी रस्त्याकडेला लावण्याचा प्रसंगही नाही. गोव्याच्या उन्हात हा मोठा गुण. परंतु त्याची दुसरी बाजू अनेकांना ठाऊक नसते. या इंजिनात तेल फक्त अडीच लिटर असते, आणि तेही इंजिन थंड ठेवण्याचे काम करते. तेल गाळायला आजच्यासारखा कागदी फिल्टर नसून साधी जाळी असते. हवेचा फिल्टरही तेलाच्या तबकाचा. डिचोलीच्या खाणपट्ट्यात खनिज वाहतुकीची लाल धूळ ज्यांनी पाहिली आहे, त्यांना याचा अर्थ वेगळा सांगण्याची गरज नाही. ते तबक वेळेवर साफ झाले नाही, तर धूळ सरळ सिलिंडरमध्ये जाते. पाच हजार किलोमीटरचा तेलबदल इथे पाळायलाच हवा. धुळीत फिरणाऱ्या गाडीने त्याच्याही आधी.

विजेच्या बाबतीत छोटी गाडी उणी पडते. साठच्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंतच्या बहुतेक बीटल 6 व्होल्टवर चालतात. आषाढातल्या रात्री मोपा विमानतळाकडे जाणाऱ्या झगझगीत गाड्यांच्या रांगेत त्यांचे दिवे पणतीसारखे वाटतात. बॅटरी मागच्या आसनाखाली असते. आसनाच्या स्प्रिंगा बॅटरीच्या टोकांना टेकल्या तर ठिणगी उडते. वर रबरी आच्छादन असायला हवे, आणि ते बहुधा हरवलेले असते.

एक धोका मात्र दोन्हींत समान आहे. मागची चाके ज्या आसावर झुलतात, त्या रचनेत वळणावर अचानक ॲक्सिलरेटर सोडला की आतल्या बाजूला भार कमी होऊन बाहेरचे चाक शरीराखाली दुमडू पाहते आणि गाडीची पाठ घसरते. पहिल्या पावसात लाल माती धुऊन रस्त्यावर आली की हा धोका वाढतो. चारही चाकांना ड्रम ब्रेक, आणि ब्रेकची तेलनळी एकाच जाळ्याची. ती एका ठिकाणी फुटली तर चारही ब्रेक जातात. सीट बेल्टची तर बातच नको. चौपदरी राष्ट्रीय महामार्ग 66 वर आजच्या गाड्या ज्या अंतरात थांबतात, त्या अंतरात या दोघीही थांबत नाहीत.

गंज हा किनाऱ्यावरचा सर्वांत मोठा शत्रू. मोरजी, हरमल, केरी या पट्ट्यात खारा वारा, आणि सर्व तालुक्यांत चार महिन्यांचा पाऊस. 180 ही मर्सिडीजची पहिली एकसंध सांगाड्याची गाडी. तिच्यात वेगळी चासी नाही, पत्राच सांगाडा आहे. दाराखालच्या पट्ट्या किंवा पुढचा उपसांगाडा जिथे बसतो ते भाग गंजले, तर प्रश्न दिसण्याचा राहत नाही, मजबुतीचा होतो आणि मिस्त्रीचे काम महिनोन्महिने चालते. बीटलचे अंग मात्र खालच्या सपाट तळावर बोल्टने बसवलेले असते. ते उचलून वेगळे करता येते, तळ दुरुस्त करता येतो. तिचेही नाजूक भाग ठरलेले आहेत : दाराखालच्या पोकळ नळ्या, बॅटरीखालचा पत्रा, पुढे जादा चाक ठेवण्याचा खळगा. दोन्हींवर पावसाळ्यात प्लास्टिकची ताडपत्री घट्ट बांधून ठेवणे हा सर्वांत वाईट उपाय. आतला ओलावा आतच राहतो. छप्पर आणि खेळती हवा बरी.

सुट्या भागांत बीटल निर्विवाद पुढे आहे. मेक्सिकोतील पुएब्ला येथे शेवटची बीटल 30 जुलै 2003 रोजी तयार झाली, तोवर एकूण संख्या 2 कोटी 15 लाखांवर गेली होती. एवढ्या गाड्यांसाठी जगभर सुटे भाग बनतच राहिले. पोंटोनच्या चार सिलिंडरच्या सर्व गाड्या मिळून साडेचार लाखांच्याही आत. मर्सिडीजने जर्मनीत फेलबाख येथे 1993 पासून जुन्या गाड्यांसाठी स्वतंत्र केंद्र चालवले आहे आणि तिथे पुष्कळ भाग मिळतात. किंमत मात्र युरोमध्ये.

इंधनाचा मुद्दा नवा आहे. 2025 पासून देशभरातील पंपांवर 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळू लागले. जुन्या रबरी नळ्या आणि कार्ब्युरेटरमधील पडदे इथेनॉलसाठी बनवलेले नव्हते. ते फुगतात, मऊ पडतात, चिरतात. इथेनॉल हवेतील ओलावाही शोषते, त्यामुळे महिनोन्महिने उभ्या असलेल्या गाडीच्या टाकीत पाणी साचण्याची शक्यता वाढते. बीटलमध्ये पेट्रोलची नळी मागच्या तापलेल्या इंजिनाजवळून जाते. ती फुटून गाडी पेटल्याच्या घटना जगभर घडल्या आहेत. इथेनॉलला टिकणारी नवी नळी काही शे रुपयांची असते. ती बदलणे लांबणीवर टाकण्यासारखे काम नाही. डिझेलवरील मर्सिडीजला ही चिंता नाही.

‘व्हीए’ मालिका आणि बदललेले इंजिन

80 हजारांना एक पर्याय आहे. जुलै 2021 मध्ये केंद्राने केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकींसाठी ‘व्हिंटेज’ असा स्वतंत्र वर्ग केला. नव्या नोंदणीचे शुल्क 20 हजार रुपये, वैधता 10 वर्षे. नूतनीकरणाला 5 हजार. क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. आधीच नोंदणी झालेल्या गाडीला आपला मूळ क्रमांक कायम ठेवता येतो, आणि जुन्या ‘जीडी’ क्रमांकाशी जिव्हाळा जडलेल्या घरांसाठी ही गोष्ट लहान नाही. अर्जासोबत विमा आणि जुनी नोंदणी पुस्तिका लागते. परदेशातून नव्याने आणलेल्या गाडीला सीमाशुल्काचे बिल ऑफ एंट्री लागते. 1961 पूर्वी आलेल्या गाडीचे पोर्तुगीज जकातीचे कागद आज क्वचितच हाती लागतील. म्हणूनच तिच्यासाठी भारतीय नोंदणी पुस्तिका हाच सर्वांत मोलाचा दस्तऐवज. ती हरवली असेल, तर आधी दुय्यम प्रत मिळवण्याच्या मागे लागावे.

पण स्वस्ताईची किंमत आहे. ‘व्हीए’ गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, व्हिंटेज रॅली, इंधन भरणे आणि दुरुस्ती, एवढ्याच कामांसाठी ती रस्त्यावर आणता येते. व्यावसायिक वापर बंद. लग्नसराईत नवरा-नवरीसाठी फुलांनी सजवलेली जुनी मर्सिडीज भाड्याने देऊन तिचा खर्च भागवणाऱ्या मालकाला म्हणून हा मार्ग मोकळा नाही. शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला बीटल घेऊन जाणाऱ्यालाही नाही. त्यांच्यापुढे 80 हजारांचाच रस्ता उरतो, म्हणजे वर्षाला 16 हजार. मर्सिडीजच्या मालकाला हा आकडा कदाचित झेपेल. बीटलसारख्या साध्या, लोकांसाठी बनवलेल्या गाडीला तोच आकडा लावणे मात्र न्याय्य म्हणता येणार नाही. शुल्क लावताना गाडी कुठे बनली यापेक्षा ती किती चालते, हे पाहणे अधिक शहाणपणाचे झाले असते.

‘व्हीए’ची दुसरी अट मोठ्या गाड्यांच्या मुळावर येते. गाडी मूळ स्वरूपात असली पाहिजे; चासी, अंगाचा सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा. मोठ्या पेट्रोल गाड्यांची भारतातील कहाणी नेमकी याच्या उलट आहे. पेट्रोल महागले, सुटे भाग मिळेनासे झाले, आणि मर्सिडीजची पेट्रोल इंजिने काढून त्या जागी मिळेल ते डिझेल इंजिन बसवले जाऊ लागले. पुण्याच्या बजाज टेम्पोने, म्हणजे आजच्या फोर्स मोटर्सने, मर्सिडीजचेच ओएम 616 हे डिझेल इंजिन परवान्याने बनवून टेम्पो ट्रॅक्ससारख्या गाड्यांत घातले होते. मर्सिडीजच्या बोनेटखाली ते सहज शोभते. या बदलामुळे किती तरी गाड्या भंगारात जाण्यापासून वाचल्या. त्या वेळी मालकाने केलेली ती शहाणी तडजोड होती. आज नियमाच्या दृष्टीने तीच गाडीचे मूळपण घालवणारी ठरते.

गाडी डिझेलवर चालते म्हणून ती बदललेलीच, असे मात्र समजू नये. 180 डी मुळातच डिझेल होती. मर्सिडीजच्या इंजिन क्रमांकाचे पहिले तीन आकडे इंजिनाचा प्रकार सांगतात. 180 डीच्या मूळ इंजिनावर ते 636 असतात. 616 दिसले, तर इंजिन नंतरचे आहे. अशा मालकाने विकत घेणाऱ्याला किंवा वाहतूक खात्याला ‘सर्व मूळचे आहे’ असे लिहून देण्याआधी हातात टॉर्च घेऊन बोनेट उघडावे.

बीटलही या बाबतीत अगदी निष्पाप नाही. तिचे इंजिन चार बोल्टांवर बसते, आणि नंतरच्या काळातील 1600 सीसीचे इंजिन तिच्यात विनासायास बसत असल्यामुळे अनेकांनी ते बसवले. फरक हा, की मर्सिडीजचे काढलेले मूळ इंजिन त्याच वेळी भंगारवाल्याकडे गेलेले असते; बीटलचे हलके इंजिन मात्र पुष्कळदा घरातच राहते, आणि चांगला मेकॅनिक ते एका दिवसात परत बसवू शकतो. तेव्हा पडवीत पोत्याखाली असे एखादे इंजिन पडून असेल, तर ते किलोच्या भावाने देण्यापूर्वी त्यावरचा क्रमांक पुसून नोंदणी पुस्तिकेतील क्रमांकाशी ताडून पाहावा. तो जनरेटरच्या खाली, इंजिनाच्या कवचावर कोरलेला असतो.